एका सिनेमाची दोन परीक्षणं

शुक्रवारी दुपारपर्यंत पिंपळे सौदागरमध्ये बहुतेकांच्या फोनवर नव्या सिनेमाचा निकाल येऊन पडलेला असतो. सकाळचा पहिला खेळ सुटतो, थिएटरच्या दारातच कुणीतरी फोन समोर धरून तारे वाटतो आणि कुणाल आयकॉन रस्त्यावरच्या सोसायट्यांचे ग्रुप रविवारची तिकिटं काढायची की नाही ते ठरवून मोकळे होतात. हिंजवडीला नोकरी करणाऱ्या चौघांच्या घराला मल्टिप्लेक्सची एक फेरी पॉपकॉर्न धरून परवडते, पण टोचतेही. म्हणून लोक हा निकाल मनावर घेतात. आणि म्हणूनच तोच समीक्षक काही वर्षांनी ‘या सिनेमाबद्दल माझं मत आता वेगळं आहे’ असं म्हणाला की चिडतातही. पैसे आमचे गेले, मत मात्र तुझं बदललं!

समीक्षकानं असं मत बदलावं का, हा वाद इथे मामा-भाचीच्या तोंडून मांडला आहे. मामांचं आयुष्य टेल्कोच्या तपासणी विभागात गेलं. सोबतीला फिल्म सोसायटी होती, आणि एका साप्ताहिकात कित्येक वर्षं त्यांनी चित्रपट परीक्षणंही लिहिली. भाची सिनेमावर लिहिते आणि बोलतेही. ‘सैराट’ मार्च २०२५मध्ये पुन्हा थिएटरात आला तेव्हा तिनं त्याचं दुसरं परीक्षण केलं. पहिल्याहून ते बरंच निराळं निघालं. मामांना ते पटलेलं नाही.

मामा: ‘सैराट’ लागला एप्रिल २०१६मध्ये. तेव्हा तू लिहिलंस की पूर्वार्ध लांबलाय, गाण्यांच्या जिवावर रेटलाय. आता म्हणतेस, पूर्वार्ध आहे म्हणून तर सिनेमा उभा आहे. सिनेमा तोच, एक फ्रेम इकडची तिकडे झालेली नाही. मग बदललं काय?

भाची: बघण्याची परिस्थिती बदलली, मामा. तेव्हा पडद्यावर सिनेमा होता आणि पडद्याभोवती त्याचा गाजावाजा. पोरं पडद्यासमोर जाऊन नाचत होती. मराठी सिनेमा पहिल्यांदाच शंभर कोटींच्या घरात गेला, त्याच्या बातम्या रोज येत होत्या. अशा वेळी समीक्षकाला एक खोड लागते. सगळे डोक्यावर घेतायत ना, मग मी जरा खाली उतरवतो! या वेळी शांत थिएटरात पाहिला. स्लो मोशन, विहिरीतली उडी, हॉलिवूडमध्ये जाऊन ध्वनिमुद्रित केलेला वाद्यवृंद, अशी धंदेवाईक सिनेमाची सगळी हत्यारं दिग्दर्शक मंजुळेंनी आधी मनसोक्त वापरली आहेत. प्रेक्षक त्या ओळखीच्या सुखात रमला की त्याला हैदराबादच्या झोपडपट्टीत आणून ती एकेक करून काढून घेतली आहेत. शेवटाला तर संगीत नाही, आवाजही नाही. पूर्वार्ध आखूड असता तर तो शेवट इतका बसला नसता.

मामा: हे सगळं २०१६लाही पडद्यावर होतं. फेब्रुवारीत बर्लिनच्या महोत्सवात दाखवला, तेव्हाही होतं. गोंगाटातून सिनेमा वेगळा काढणं हेच तर समीक्षकाचं काम. आमच्याकडे एखादा गियर नापास केला की रजिस्टरमध्ये नोंद व्हायची, खाली सही. नंतर प्रॉडक्शनवाले कितीही डोक्यावर बसले तरी ती नोंद खोडता यायची नाही. पहिल्या दिवशीचं परीक्षण म्हणजे अशी सही केलेली नोंद. त्या दिवशी, त्या माणसाला, तो सिनेमा कसा दिसला याची साक्ष. ती फिरवलीस तर उद्या तुझ्या कुठल्याच सहीवर कुणी विश्वास ठेवणार नाही.

भाची: पण तुमच्या खात्यात गेज तपासायला पाठवत होतेच ना? माप घेणारं हत्यारच झिजलेलं असेल तर चांगला माल नापास होतो आणि वाईट पास. समीक्षकाचंही गेज तपासायला लागतं.

मामा: लागतं. ठरलेल्या मुदतीला लागतं. तिकीट खिडकीवर गर्दी झाली म्हणून गेज बदलायचं नसतं. ‘शोले’चंच घे. १५ ऑगस्ट १९७५ला लागला. समीक्षकांनी झोडपला, धंद्यातल्या लोकांनी पहिल्या आठवड्यात मोडीत काढला. पुढच्या वर्षी फिल्मफेअरनं त्याला एक पुरस्कार दिला, एकच. तोही संकलनाचा, आपल्या एम. एस. शिंद्यांना. सर्वोत्कृष्ट चित्रपट ठरला ‘दीवार’. नंतर मुंबईच्या मिनर्व्हात ‘शोले’ पाच वर्षं चालला. आणि २००५मध्ये त्याच फिल्मफेअरनं त्याला पन्नास वर्षांतला सर्वोत्कृष्ट चित्रपट म्हणून गौरवला. निकाल लागून तीस वर्षं झाल्यावर पेपर पुन्हा तपासायचा, आणि गुण द्यायचे ते पोरगं मोठा साहेब झालं म्हणून! याला मी समीक्षा म्हणत नाही.

भाची: पुरस्काराचं सोडा, तो सोहळा असतो. पण १९७५चे समीक्षक का चुकले ते बघण्यासारखं आहे. त्यांनी लिओनी पाहिला होता, कुरोसावा पाहिला होता. त्यामुळे ‘शोले’ कुणाकुणाचं देणं लागतो याचा त्यांनी हिशेब केला. हिशेब बरोबरच होता. पण उधारीच्या भांडवलावर सलीम-जावेदनी काय उभं केलं, ते पहिल्या दिवशी त्यांच्या नजरेत आलं नाही. प्रेक्षकांनी तो सिनेमा कानानं पाठ केला. इतका, की गाण्यांच्या तबकड्या मंद खपतात म्हटल्यावर पॉलिडोरनं संवादांची तबकडी काढली आणि ती धो धो खपली. सिनेमातलं बोलणं गाण्यासारखं ऐकलं जातंय, ही खूण समीक्षकाला मिळाली ती गर्दीकडूनच.

मामा: म्हणजे शेवटी गर्दीच खरी?

भाची: गर्दी फक्त बोट दाखवते, मामा. तिकडे बघायचं की नाही आणि बघून काय म्हणायचं, ते आपल्यालाच ठरवायला लागतं.

मामा: ते बोट तुझ्या परीक्षणाला किती लोकांनी पसंती दिली याच्याकडेही वळतं, हे विसरू नकोस. आमच्या साप्ताहिकात वाचकाचं पत्र यायला पंधरा दिवस लागायचे. तुला एका तासात शिव्या येतात. इतक्या दबावाखाली बदललेल्या मताला बदल म्हणायचं की माघार?

भाची: हाच प्रश्न १९६७ला न्यूयॉर्कमध्ये उभा राहिला होता. ऑगस्टमध्ये ‘बॉनी अँड क्लाइड’ आला. न्यूयॉर्क टाइम्सच्या बॉस्ली क्राउथरनं त्यावर एकदा नाही, पुन्हा पुन्हा टीका केली. न्यूजवीकच्या जो मॉर्गनस्टर्ननंही झोडपला. पण त्याला चैन पडेना. तो भरल्या थिएटरात परत जाऊन बसला आणि पुढच्याच अंकात त्यानं दुसरं परीक्षण लिहिलं. आपलं पहिलं परीक्षण अन्यायाचं होतं, असं त्यानं त्यात सरळ सांगितलं. टाइम साप्ताहिकानंही आधी नावं ठेवली आणि डिसेंबरमध्ये त्याच सिनेमावर मुखपृष्ठकथा केली.

मामा: भरल्या थिएटरात! टाळ्या ऐकल्या आणि विरघळला.

भाची: तारखा बघा ना. तो बदलला तेव्हा सिनेमा गाजलेला नव्हता. वॉर्नरनं तो धड लावलाही नव्हता, खरं यश पुढच्या वर्षी पुन्हा प्रदर्शित केल्यावर आलं. म्हणजे मॉर्गनस्टर्न काही जिंकलेल्याच्या मागे गेला नाही. ज्या हसण्या-दचकण्याला तो पहिल्यांदा हिंसेची मजा समजला होता, ती दिग्दर्शकानं मुद्दाम घातलेली गाठ आहे, हे त्याला प्रेक्षकांमध्ये बसून कळलं. क्राउथर शेवटपर्यंत ठाम राहिला. १९६८च्या सुरुवातीला त्याच्या खुर्चीत रेनाटा ॲडलर बसली होती.

मामा: ठाम राहण्याची किंमत त्यानं मोजली, म्हणून मला तो जास्त मोठा वाटतो. काय म्हणायचं ते म्हणाला आणि त्याची जबाबदारी घेतली. बदलणाऱ्यांचा पुढे उदो उदो होतो. ठाम राहणारे हट्टी ठरतात.

भाची: ठाम राहण्याला माझी हरकत नाही. दुसऱ्यांदा लिहिताना त्यानं नव्यानं काय पाहिलं, एवढंच मी विचारेन. तेच मुद्दे जास्त मोठ्या आवाजात लिहिले असतील तर तो ठामपणा कसला?

मामा: बरं, आता घरचं उदाहरण घेऊ. दादा कोंडके. १९७१चा ‘सोंगाड्या’. दादरच्या कोहिनूरवाल्यांनी तो काढून देव आनंदचा ‘तेरे मेरे सपने’ लावायचं ठरवलं, तेव्हा शिवसेना रस्त्यावर आली. मग एकापाठोपाठ नऊ सिनेमांचे रौप्यमहोत्सव, गिनीज बुकात नाव. तेव्हा आम्ही म्हणत होतो की विनोद कमरेखालचा आहे. आता तेच विद्वान परिसंवादात बसून दादांना लोककलेचा वारसदार म्हणतात. विनोद कमरेच्या वर सरकला का?

भाची: नाही सरकला. पण तुमचं गेज कुठून आलं होतं ते सांगा. तुम्ही पिंपरीहून लोकलनं शिवाजीनगरला जायचात, तिथून लॉ कॉलेज रोडला, चित्रपट संग्रहालयात.

मामा: जायचो. पहिली पाळी करून जायचो. घटक पाहिला, बर्गमन पाहिला. त्याची मला लाज नाही.

भाची: लाज कशाला वाटावी? तिथेच नजर तयार झाली तुमची. पण ते गेज चौकटीबद्ध, नेटक्या, कमी बोलणाऱ्या सिनेमासाठी घडलेलं होतं. दादांचा सिनेमा आला वगनाट्यातून. ‘विच्छा माझी पुरी करा’ लिहिणाऱ्या वसंत सबनीसांनीच ‘सोंगाड्या’ लिहिला. सोंगाड्या प्रेक्षकाकडे बघून बोलतो, गोष्ट थांबवून टोमणा मारतो, भोळेपणाचा आव आणून सभ्य माणसाच्या मनातली घाण त्याच्याच तोंडून वदवतो. कॅमेरा एका जागी उभा का, या प्रश्नाला तिथे फारसा अर्थ नाही. हे कळल्यावर पुनर्विचार करणाऱ्यानं गेज बदललं, आणि बदलायलाच हवं होतं.

मामा: अर्धं मान्य. वगाची जाण आम्हाला कमी होती असं नाही, पण थिएटरात शिरताना ती आम्ही बाहेर ठेवत होतो. उरलेलं अर्धं मात्र मान्य नाही. सोंगाड्याची परंपरा सांगितली की पुढच्या काळातल्या सिनेमांमधली बाईची चेष्टा धुऊन निघते, असं कुणी म्हणालं तर मी परत जुनं परीक्षण काढून दाखवीन.

भाची: दाखवाच. पुनर्विचार केला म्हणजे गुण वाढलेच पाहिजेत असं कुठे आहे? १९९१चा ‘माहेरची साडी’ घ्या. राजस्थानी ‘बाई चाली सासरिये’वरून विजय कोंडक्यांनी केलेला. सासूचा छळ, सोसणारी सून आणि रडणारं थिएटर. आज पाहिला तरी मला तो भडकच वाटतो. पण तेव्हाच्या परीक्षणांनी विचारलं, हा सिनेमा इतका रडका का? मला आज विचारावंसं वाटतं, इतक्या बायकांना एकत्र बसून रडायला दुसरी जागा का नव्हती? २०२३मध्ये ‘बाईपण भारी देवा’ला गटागटानं, नटून गेलेल्या बायका पाहिल्या तेव्हा तो प्रश्न जास्त नीट कळला. सिनेमाबद्दलचं माझं मत तिळभर सुधारलेलं नाही. त्याला विचारायचा प्रश्न मात्र बदलला.

मामा: तो प्रश्न समाजशास्त्राचा झाला.

भाची: इतका गाजलेला सिनेमा नुसता सिनेमा राहतो कुठे?

मामा: आता उलट्या दिशेचं विचारतो. चढवणं सोपं असतं, कुणी दुखावत नाही. ज्याला डोक्यावर घेतलं त्याला उतरवायची हिंमत आहे का? २००९चा ‘मी शिवाजीराजे भोसले बोलतोय’. मी तो उचलून धरला होता, आजही धरीन.

भाची: मीसुद्धा टाळ्या वाजवल्या होत्या. सचिन खेडेकरांचा दिनकर भोसले, बँकेतला दबलेला मराठी कारकून, त्याला महाराज दर्शन देऊन झापतात. प्रसंग असे बांधलेत की आजही अंगावर येतात. पण तेच २००९ साल चाकणला फोक्सवॅगनचा कारखाना सुरू झाल्याचं. मराठी माणसाच्या नोकरीचा प्रश्न आपल्या पट्ट्यात नंतर कसा वळला ते तुम्ही जवळून पाहिलंय. कायम कामगार कमी होत गेले, कंत्राटी वाढले. त्यात आपल्या मराठवाड्याची पोरं आहेत, बिहारची आहेत, ओडिशाची आहेत. सिनेमा म्हणतो, एक माणूस ताठ उभा राहिला की सगळे त्याला वचकतात. कंत्राटदाराच्या गेटवर ताठ उभं राहून काय होतं?

मामा: सिनेमा काही कामगार आयुक्त नाही. त्या दिवसांत मान वर करायला सांगणारा कुणीतरी हवा होता, ते त्यानं केलं.

भाची: केलं. म्हणून तुमचं २००९चं परीक्षण खोटं ठरत नाही. त्या दिवसाची ती खरी साक्ष आहे. पण आमच्या सोसायटीच्या गणपतीत आरतीचं ताट कानपूरच्या काकू धरतात, वर्गणी केरळचे शेजारी गोळा करतात. तिथे बसून हा सिनेमा पाहिला की त्यातला राग कुणावर रोखलाय आणि कुणाला सोडून दिलंय, हे जास्त ठळक दिसतं. उतरवायची हिंमत म्हणालात ना? मी लिहीन की बांधणीला पूर्वीइतकेच गुण, उत्तराला कमी.

मामा: असं फोडून सांगितलंस तर ऐकता येतं. ‘मत बदललं’ एवढंच बोलून पुढे जाणाऱ्यांचा मला राग येतो. आणि आठवणींना गुण देणाऱ्यांचाही. ‘अशी ही बनवाबनवी’ १९८८चा. हृषीकेश मुखर्जींच्या १९६६च्या ‘बीवी और मकान’वरून घेतलेला. तेव्हा लोकांनी मजेत पाहिला आणि घरी गेले. आता उठसूट त्यातले संवाद फोनवर फिरतात, म्हणून त्याला अभिजात ठरवतात. पोरवयात सुट्टीत टीव्हीवर पाहिला, त्या सुट्टीचे गुण सिनेमाच्या खात्यात टाकतात.

भाची: यात मात्र मी तुमच्या बाजूला आहे, निम्मी. आठवण म्हणजे पुनर्विचार नव्हे. पण त्याचे संवादही सबनीसांचेच, आणि आज ऐकले तरी एक शब्द इकडचा तिकडे करता येत नाही. वेषांतराचा एकेक खोटेपणा पुढच्याला कसा अडकवत जातो, ते यंत्र बघा. ती कारागिरी आठवणीच्या बाहेरही टिकते. बायकांच्या वेषावरचे आणि डोहाळ्यांवरचे काही विनोद टिकत नाहीत. दोन्ही लिहायला हवं.

मामा: माझ्या मते रोग घाईचा आहे. थांबलात तर बदलायची वेळच येणार नाही. २०२३मध्ये केरळच्या उच्च न्यायालयात हा विषय गेला. ठरवून केलेल्या बदनामीच्या परीक्षणांची तक्रार होती. न्यायालयानं नेमलेल्या सल्लागार वकिलानं सुचवलं की पहिले अठ्ठेचाळीस तास परीक्षणं करू नयेत. मला ते आवडलं.

भाची: मला नाही आवडलं. अठ्ठेचाळीस तास समीक्षक गप्प, आणि पोस्टर, मुलाखती, पैसे देऊन करवून घेतलेलं कौतुक चालू! मग तर गाजावाजाला रान मोकळं. आणि थांबून सगळं सुटत असतं तर अरुण खोपकरांना ‘कागज के फूल’साठी पुन्हा लिहावं लागलं नसतं. तो आला १९५९ला, ‘प्यासा’नंतरचा गुरुदत्त, देशातला पहिला सिनेमास्कोप, केवढा बोलबाला! आणि आपटला. गुरुदत्तनं पुन्हा दिग्दर्शक म्हणून नाव लावलं नाही. त्याला न्याय देणारं ‘गुरुदत्त: तीन अंकी शोकांतिका’ हे पुस्तक मराठीत आलं १९८५ला. अडीच दशकं. काही गोष्टी अठ्ठेचाळीस तासांत दिसत नाहीत, मामा.

मामा: खोपकरांनी जुनं मत फिरवलं नाही, नवं अभ्यासून मांडलं. छायाप्रकाशाचा एकेक तुकडा उलगडून दाखवला. असा अभ्यास असेल तर माझं काही म्हणणं नाही. बरं, एक सांग. सिनेमाच बदलला तर काय करायचं? ‘शोले’चा मूळ शेवट वेगळा होता. ठाकूर गब्बरला पायानं मारून टाकतो. आणीबाणीत सेन्सॉरनं तो बदलायला लावला आणि पोलीस मध्ये आले. २०२५मध्ये मूळ शेवटासह दुरुस्त केलेली प्रत बोलोन्याला दाखवली. १९७५च्या समीक्षकांनी ज्याला नापास केलं तो सिनेमा निराळाच होता म्हणायचा!

भाची: म्हणजे तुमच्या रजिस्टरमध्ये आणखी एक रकाना आला. मत बदलण्याची कारणं मोजून चारच निघतात. सिनेमा बदलला, गेज बदललं, काळ बदलला, नाहीतर गर्दीनं ढकललं. समीक्षकानं दुसऱ्या परीक्षणाच्या पहिल्याच परिच्छेदात सांगावं की यातलं कोणतं. आणि पहिलं परीक्षण जागेवर राहू द्यावं, पुसू नये.

मामा: हे माझ्याच रजिस्टरचं झालं. जुनी नोंद खोडायची नाही, खाली नवी नोंद, कारण, तारीख, सही. आणि चौथं कारण असेल तर?

भाची: तर लिहूच नये. चुकून लिहिलंच तर तेही कबूल करावं. पण मग नियम दोन्हीकडून लागू. चाळीस वर्षं मत न बदलणाऱ्यानंही कारण द्यायचं. ‘मी तेव्हाच सांगितलं होतं’ हे कारण धरणार नाही. सिनेमा पुन्हा बघून सांगायचं.

मामा: म्हणजे मला ‘माहेरची साडी’ पुन्हा बघायला लावणार तू.

भाची: पूर्ण. मध्ये चहाला उठायचं नाही.

मामा: बघतो. पण पाहून मत तसंच राहिलं, तर तेही छापायचं.

भाची: छापू. दोन्ही तारखांसकट.